पारोळ्याची अक्षरे किती?

'पारोळा' या नावात अक्षरे किती, असे कोणाही शाळकरी पोराला विचारा. तो बोटांवर मोजून 'तीन' म्हणेल. पा, रो, ळा. हाच प्रश्न संगणकाला घातला तर मात्र उत्तर एक येत नाही. 'सी' नावाच्या जुन्या भाषेतले मोजणारे फंक्शन अठरा म्हणते. जावा आणि पायथन या भाषा सहा म्हणतात. स्विफ्ट नावाची, २०१४ साली आलेली भाषा आमच्या पोरासारखी तीन म्हणते. आणि गंमत अशी की या तिघांतले खोटे कोणीच बोलत नाही!

मी मूळचा पारोळ्याचा. आयुष्याची पंचवीस वर्षे पुण्यात प्रोग्रॅम लिहिण्यात गेली आणि आता पुन्हा गावी येऊन, धुळे-जळगाव रस्त्यावरच्या मोटारींचे आवाज ऐकत बसलो आहे. दिवाळी अंकात लोक प्रवास लिहितात, शिकारी लिहितात, नाटकवाल्यांच्या आठवणी लिहितात. माझ्यापाशी यांतले काहीच नाही. मला ठाऊक आहेत ती संगणकाच्या पोटात बसून दिवसरात्र अक्षरे मोजणारी, तोडणारी, जोडणारी आणि पडताळून पाहणारी काही फंक्शने. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. विषय परका वाटला तरी त्यातून तुमचे माझे नाव रोज जाते.

सुतार कामाला येतो तेव्हा रंधा, किकरे, करवत घरून घडवून आणत नाही, पेटीत तयार असतात ती आणतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचेही तसेच. शब्दाची लांबी मोज, एक शब्द दुसरीकडे उतरवून घे, दोन शब्द एकच आहेत का पाहा, असली नित्याची कामे तो स्वतः लिहीत बसत नाही. प्रोग्रॅम चालू असताना हाताशी लागणाऱ्या अशा तयार हत्यारांच्या पेटीला रनटाइम लायब्ररी म्हणतात. तीत पुस्तक एकही नसते. आणि अक्षरांच्या माळेला म्हणतात स्ट्रिंग, म्हणजे दोरा. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हा शब्द परका वाटायचे कारण नाही.

जुनी आणि अजून वापरात असलेली एक पेटी 'सी' भाषेची. डेनिस रिची नावाच्या गृहस्थांनी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये घडवली. तिच्यातल्या फंक्शनांची नावे तारेतल्या मजकुरासारखी आखूड आहेत: लांबी मोजणारे स्ट्रलेन, उतरवून घेणारे स्ट्रकॉपी, ताडून पाहणारे स्ट्रकंप, जोडणारे स्ट्रकॅट. रोमन लिपीत लिहिली तर प्रत्येकी बरोबर सहा अक्षरे भरतात. यामागे काटकसर आहे. १९८९ साली या भाषेचे प्रमाण ठरले तेव्हासुद्धा बाहेरच्या नावाची पहिली सहा अक्षरे ओळखली जातील, एवढीच हमी होती.

या मंडळींपुढे लिपी एकच होती. इंग्रजी. मोठी अक्षरे सव्वीस, लहान सव्वीस, दहा आकडे, थोडी विरामचिन्हे, यंत्राला द्यायच्या काही खुणा. सगळे मिळून १२८ चिन्हांत भागले. ॲस्की नावाचा हा तक्ता १९६३ सालचा. स्मरणशक्तीत एका अक्षराला एक खण, ज्याला बाइट म्हणतात, आणि शब्द संपला की पुढच्या खणात शून्य. स्ट्रलेन काय करते? पहिल्या खणापासून चालत सुटते, शून्य भेटेपर्यंत पावले मोजते आणि आकडा सांगते. इतके साधे आणि इतके चपळ, की पन्नास वर्षे होऊन गेली तरी त्याला कोणी निवृत्त केलेले नाही.

पण या साधेपणात एक खोड होती. जळगावच्या श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, तेव्हा चाकाशी मोगरी लावणारे तयारीचे लोक असतात. रथ ओढायला हजार हात लागतात, पण थांबवायला त्या मोगरीवाल्याचेच कसब. स्ट्रकॉपीच्या रथाला मोगरी नाही. उतरवून घ्यायला समोर दहा खणांची जागा आहे आणि मजकूर वीस खणांचा आहे, तरी ते थांबत नाही. शून्य भेटेपर्यंत शेजाऱ्याच्या घरात लिहीत जाते. 'गेट्स' नावाचे त्याचेच एक भावंड बाहेरून आलेली ओळ आत घेत असे, जागा किती ते न विचारता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम याच दारातून घुसला. दाराशी ५१२ खण मांडलेले, त्याने ५३६ खणांचा मजकूर ओतला. जादा चोवीस खणांत त्याने यंत्राला वाट चुकवली आणि त्या वेळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रे ठप्प झाली. एवढे होऊनही गेट्सला भाषेच्या प्रमाणातून काढून टाकायला २०११ साल उजाडले. सरकारी खात्यातली माणसे उगीच बदनाम आहेत.

असो. ही इंग्रजीची कथा. आपली यापुढे सुरू होते.

देवनागरीला एक खण पुरेना. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले 'जिस्ट' तंत्र पुढे वाढवले, भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा तक्ता झाला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून ठरला. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एका वहीत घेणारे युनिकोड आले आणि देवनागरीची मांडणी त्याने इस्कीच्या १९८८ च्या तक्त्यावरूनच घेतली. मधल्या काळात छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून वेगळाच संसार चालू होता. फॉन्ट मराठी, पोटात इंग्रजी. पडद्यावर 'क' दिसे, पण यंत्राच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्हच असे. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर गाढवाने पायदळी तुडवल्यासारखा होई. त्या काळात टंकलेल्या कित्येक फायली आजही कपाटांत तशाच निजलेल्या आहेत.

युनिकोडने प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला. पण चिन्ह म्हणजे आपले अक्षर नव्हे, हे येथे नीट ध्यानात घ्यावे. 'पा' हे आपल्या लेखी एक अक्षर, त्याच्या लेखी दोन चिन्हे: प आणि काना. 'रो' दोन, 'ळा' दोन. झाली सहा. आता हे क्रमांक खणांत कसे ठेवायचे, याची युक्ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. तिचे नाव यूटीएफ-८. इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखा एकच खण, म्हणजे जुनी फंक्शने न मोडता चालतात, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. सहा त्रिक अठरा. वर तीन उत्तरे दिली त्यांचे रहस्य हेच. सी खण मोजते, जावा आणि पायथन चिन्हे मोजतात, स्विफ्ट अक्षरे मोजायचा प्रयत्न करते.

यावर कोणी म्हणेल, मोजू द्या बापडी, आमचे काय जाते? जाते, म्हणून तर लिहायला बसलो.

पारोळ्याला झाशीच्या राणीचे माहेर म्हणून ओळखतात, त्यांच्या तांबे घराण्याचे नाव आमच्या भुईकोटाशी जोडलेले आहे. समजा, एखाद्या अर्जात नावासाठी वीस खण राखले आहेत. अर्ज आखणाऱ्याने इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून वीस पुष्कळ झाले असे मानलेले. रोमन लिपीत लक्ष्मीबाई आठ-दहा खणांत मावतात. देवनागरीत 'लक्ष्मीबाई' ही दहा चिन्हे, म्हणजे तीस खण. तोडणाऱ्या फंक्शनने विसाव्या खणावर सुरी चालवली की सहा चिन्हे शाबूत राहतात, 'लक्ष्म', आणि सातव्या चिन्हाचे, म्हणजे दीर्घ वेलांटीचे, तीनपैकी दोन खण लोंबत राहतात. ते दोन खण कशाचेच नसतात. तिथे पडद्यावर चौकटीत कोंबलेले प्रश्नचिन्ह उमटते. खण न मोजता चिन्हे मोजून तोडले तरी सुटका नाही. पहिली तीन चिन्हे द्या म्हटले तर 'लक्' हाती येते, पाय मोडलेला.

मोबाइलवरच्या साध्या संदेशाचेही असेच. एका संदेशाचे पोट १४० खणांचे. इंग्रजी अक्षरे दाबून बसवली तर १६० मावतात. मराठीत मात्र चिन्हामागे दोन खण, म्हणून ७०. आमच्या जळगावच्या विद्यापीठाचे आजचे नाव 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ'. मी मोजून पाहिले. डोळ्यांना अक्षरे तेवीस, चिन्हे मोकळ्या जागा धरून पन्नास, यूटीएफ-८ मध्ये खण एकशेचाळीस. म्हणजे विद्यापीठाने एखाद्या विद्यार्थ्याला मराठीत निकाल कळवायचा म्हटला तर स्वतःचे पूर्ण नाव घातल्यावर एका संदेशात वीस चिन्हांची जागा उरते. विद्यार्थ्याचे नाव आणि 'उत्तीर्ण' एवढे बसले तरी नशीब. मग शेजारचे गाव आपल्या संदेशांत सर्रास रोमन लिपीतली मराठी वाचते, यात नवल ते काय?

आता ताडून पाहणाऱ्या फंक्शनाकडे येऊ. माझ्या मते खरा घोटाळा येथे आहे.

मराठीत एक आडवा, पापणीसारखा 'र' आहे. पऱ्हाटी, बऱ्हाणपूर, कऱ्हाड, शेतकऱ्याचे. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या. दोन्हींचा फरक त्या पापणीत. युनिकोडमध्ये ही पापणी काढण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडणे. दुसरी, साधा 'र', मग त्याचे टिंब वेगळे, मग पाय मोडणे. तिसरी, साधा 'र', पाय मोडणे आणि त्यानंतर एक अदृश्य सांधा, जो कागदावर किंवा पडद्यावर कधीच दिसत नाही. तिन्ही वाटांनी 'पऱ्हाटी' अगदी सारखी दिसते. डोळ्यात तेल घालून पाहिले तरी फरक कळणार नाही. पण पहिल्या वाटेने ती सात चिन्हांची, उरलेल्या दोन्हींनी आठ. स्ट्रकंप खणाला खण लावून पाहते. तिसऱ्या खणापाशी... नव्हे, 'प' संपल्यावर लगेचच तिला फरक भेटतो आणि ती सांगते, हे शब्द वेगळे. तिच्या परीने तिचे खरेच आहे.

आमच्या शेजारी एक आप्पा राहतात. चार एकर कपाशी. आडनावात बऱ्हाणपुरातला तोच 'ऱ्हा'. दोन पावसाळ्यांपूर्वी नुकसानभरपाईची यादी कुठल्याशा कचेरीतून निघाली आणि मोबाइलवरून गावभर फिरली. आप्पांच्या पुतण्याने फाइल उघडली, शोधायच्या चौकटीत आडनाव टाकले. काही सापडले नाही. पुन्हा टाकले. नाही. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत, असे काकू सकाळी सांगत होत्या. कागदपत्रे पुन्हा गोळा करायची, तालुक्याच्या चकरा मारायच्या, कोणाकोणाचे पाय धरायचे, सगळा हिशेब त्यांनी रात्रीत मांडून ठेवला होता. मी ती यादी मागवली आणि शोधायच्या भानगडीत न पडता बोटाने ओळ न् ओळ वाचत गेलो. आप्पा होते. ठसठशीत होते. यादी करणाऱ्याचा कळफलक अदृश्य सांध्यावाला आणि पुतण्याचा फोन टिंबाच्या 'ऱ'चा, एवढाच गुन्हा.

मी आप्पांना हे समजावून देऊ लागलो. खाटेवर बसून त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊ, नाव शे ना? मंग बस."

त्यांचे बस झाले. माझे होईना. कारण त्याच यादीत पापणीवाली आडनावे आणखी होती आणि त्या घरांतूनही पोरांनी फोनवर शोधून 'नाही' म्हणून सांगितलेच असणार.

यावर औषध नाही असे नाही. युनिकोडने निरनिराळ्या वाटांनी लिहिलेला मजकूर ताडण्याआधी एका रूपात आणण्याचे नियम दिले आहेत आणि त्यासाठी फंक्शने तयार आहेत. ती चालवली की पहिली आणि दुसरी पऱ्हाटी एक होतात. पण तिसरी, अदृश्य सांध्याची, तशीच बाहेर उभी राहते! ती नियमांत बसत नाही. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मराठी यावे लागते, किंवा निदान कोणी मराठी माणसाने त्याला जाऊन सांगावे लागते. न सांगता काय होते तेही पाहिले आहे. एका हुशार गृहस्थाने 'अदृश्य कचरा काढून टाका' म्हणून सफाईचे फंक्शन फिरवले. सांधा गेला, पापणीचा रफार झाला आणि मंगल कार्यालयाच्या हिशेबातले सगळे आचारी आचार्य झाले. 'आचार्यांना भांडी घासण्याचे वेगळे पैसे दिले' असे वाक्य मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले आहे.

आकड्यांची गोष्ट याहून साधी आणि याहून वाईट. सी भाषेत लिहिलेला आकडा वाचून त्याची संख्या करणारे एक फंक्शन आहे. त्याला रोमन '12' दिले तर बारा देते. देवनागरी '१२' दिले तर? ओरडत नाही, अडत नाही, मुकाट्याने शून्य देते. पायथनला हेच दिले तर ती बारा देते. कपाशीचे बारा क्विंटल एका पेटीत बारा आणि दुसरीत शून्य. चुकले म्हणून सांगणारे यंत्र परवडले, पण चेहरा न बदलता शून्य सांगणाऱ्याचे काय करावे?

क्रम लावणाऱ्या फंक्शनांनी आपल्या वर्णमालेची जी अवस्था केली आहे तिच्यावर वेगळा लेख होईल. शाळेत आपण 'य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ' असे घोकलो. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' बसला आहे 'ल'च्या शेजारी, 'व'च्या आधी. त्यामुळे क्रमांकावरून यादी लावली की जळगाव जव्हारच्या आधी येते. आमच्या खानदेशाला हा 'ळ' काही किरकोळ नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, पाहा कुठेही. (बोलताना मात्र आम्ही त्याचा खुशाल 'य' करतो आणि डोळ्याला डोया म्हणतो, हा भाग निराळा. ते कोणत्याही फंक्शनाला कळायची आशा मी सोडली आहे.) 'ॲ'ची त्याहून परवड. त्याला तक्त्यात स्वतंत्र घर २००८ साली मिळाले, तोवर पुढची आळी भरली होती, म्हणून घर मिळाले ते आकड्यांच्याही पलीकडे. वकिलांच्या यादीत 'ॲडव्होकेट' लावून लिहिलेली सगळी मंडळी 'ह'च्या मागे जाऊन बसतात. भाषेचा क्रम जाणणारी वेगळी फंक्शने आहेत, त्यांना 'मराठी' असे सांगावे लागते, एवढेच. सांगत कोणी नाही.

मोठ्या लिपीचे लहान लिपीत करणारे फंक्शन देवनागरीपुढे स्वस्थ बसते, आपल्यात थोरली-धाकटी अक्षरे नाहीत. शब्द उलटा करणारे मात्र बसत नाही. त्याला 'पारोळा' दिला की ते चिन्हे उलटी मांडते: आधी एक अनाथ काना, मग ळो, मग रा, मग प. 'ळारोपा' म्हणायला त्याला काना कोणाचा हे कळावे लागते.

आणि ही तक्रार आपल्या एकट्याची आहे असेही नव्हे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतले एक जोडाक्षर, आपल्या ज्ञानेश्वरांच्या 'ज्ञा'चा सख्खा भाऊ, संदेशात आले की ॲपलचे आयफोन कोलमडत होते. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर, हे प्रमाणातही फार उशिरा आले. 'लक्ष्मी'ची अक्षरे आपल्या लेखी दोन: ल आणि क्ष्मी. युनिकोडच्या अक्षरे पाडण्याच्या मूळ नियमाने ती चार होत: ल, क्, ष्, मी. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ या आवृत्तीने तो नियम देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा लिप्यांसाठी सुधारला आणि लक्ष्मी दोन अक्षरांची झाली. नवा नियम जुन्या पेट्यांतून पोहोचायला अर्थातच वेळ लागतो. कित्येक ठिकाणी ती अजून चारच आहे.

हल्ली कोणताही नवा प्रोग्रॅम हाती आला की मी त्याला पाच शब्द घालतो. पारोळा उलटा कर म्हणतो. लक्ष्मीची पहिली दोन अक्षरे मागतो. देवनागरी १२ मध्ये एक मिळव म्हणतो. ॲडव्होकेट कुठे लावतोस ते पाहतो. आणि शेवटी अदृश्य सांध्याची पऱ्हाटी आत टाकून टिंबाच्या पऱ्हाटीने शोधतो. परवा तालुक्याच्या एका पोराने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्या हौसेने दाखवायला आणला. पारोळा सुटला, लक्ष्मी सुटली, तेरा आले, वकीलही जागच्या जागी बसले. पऱ्हाटीपाशी अडला. पोरगा म्हणाला, "काका, दोन्ही तर सारख्याच दिसतात." मी त्याला चहा दिला आणि दोन्हींची चिन्हे मोजायला सांगितली. एक सात भरली, एक आठ. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत होता, मग वही काढून त्याने लिहून घेतले.